जवळच्यांची यादी

धामणगाव बढ्याच्या आठवडी बाजारात सत्यभामाबाई आणि रुखमाबाई अठ्ठावीस वर्षं शेजारी-शेजारी बसत आल्या होत्या. दोघी एकाच साली, एकाच आळीत नांदायला आलेल्या. दोघींच्या घरची शेतं बांधाला बांध लागून. वांगी, मिरची, मेथी, हिवाळ्यात कोबी. घरच्या माणसांनी माल बाजारात आणून टाकायचा आणि विकायचा या दोघींनी, हे ठरूनच गेलेलं. रुखमाबाई ठेंगणी, हसरी, गिऱ्हाइकाच्या पिशवीत पाच मिरच्या वरून टाकणारी. सत्यभामाबाई उंच, हाडानं मजबूत आणि तोंडानं कडक. ती वरून काही टाकत नसे. पण रुखमाबाईच्या तराजूवरून कोणी वाद घातला, की हीच आधी उठून उभी राही.

चहा दोघींत एक. कप रुखमाबाईला, बशी सत्यभामेला. मिश्रीची डबी एक. भाकरी दोघींच्या आपापल्या फडक्यात बांधलेल्या, पण खायच्या एकाच ठिकाणी, एकमेकींच्या ठेच्यात बोटं बुडवून. एकीला सर्दी झाली की चार दिवसांनी दुसरी शिंकायला लागायची. रुखमाबाईचा नवरा कारभारी म्हणायचा, "यायच्यात औषध एकीलेच द्या. दुसरीले आपोआप लागू होते." सत्यभामाबाईला हे बोलणं फार आवडे. आवडतं म्हणून मात्र ती कुणाला सांगत नसे.

दिवाळी झाली आणि कलाबाई आली.

कलाबाई ही कारभारीची चुलत बहीण. पंचवीस वर्षं सुरतेला काढलेली. नवरा साड्यांच्या कारखान्यात होता, तो वारला. मुलगी लग्न होऊन तिकडेच राहिली. कलाबाईला परक्या गावात एकटीनं राहवेना, म्हणून ती शिलाई मशीन आणि एक पत्र्याची पेटी घेऊन भावाकडे आली. कारभारीनं तिला अंगणाकडची खोली दिली. खोली लहान, खिडकी एकच, तीही मशीनच्या मागे. तिथं ती ब्लाउज शिवू लागली.

पहिले आठ दिवस सत्यभामाबाईनंच तिला वांगी नेऊन दिली, मेथी नेऊन दिली. बाई बिचारी आहे, असंही ती घरी नवऱ्याला, रंगरावाला म्हणाली. नवव्या दिवशी बाजारात कलाबाई आली आणि दोघींच्या पोत्यांच्या मधे बसली.

मधेच. बसायला दुसरीकडे जागा नव्हती असं नाही.

त्या दिवशी चहावाला आला तेव्हा रुखमाबाईनं कप हातात घेतला, बशी कलाबाईपुढे केली आणि म्हणाली, "भामे, तुले आख्खा चहा सांगतला वं. थंडी हाय नं आज."

आख्खा कप. अठ्ठावीस वर्षांत सत्यभामाबाईनं बाजारात आख्खा कप कधी प्यायला नव्हता. तिनं तो घेतला, फुंकर न मारता घटाघटा घशात ओतला आणि जीभ भाजून घेतली. त्या दोघी बशीतला चहा सांडला म्हणून हसत होत्या.

त्यानंतर तिला सगळं दिसायलाच लागलं. कलाबाई रुखमाबाईची वेणी घालते. संध्याकाळी थंडी म्हणून खोलीचं दार लोटून दोघी एका गोधडीत बसतात आणि मोबाईलवर कीर्तनं पाहतात, डोक्याला डोकं लावून, कानात इअरफोनचं एकेक बोंडूक घालून. एकदा सत्यभामाबाई मेथीची जुडी घेऊन अंगणात गेली, तर खोलीत रुखमाबाई हात वर करून उभी होती. कलाबाई ओठांत टाचण्या धरून तिचा ब्लाउज अंगावरच आवळत होती, आणि रुखमाबाई गुदगुल्या होतात म्हणून ओरडत होती. सत्यभामाबाईनं मेथी ओट्यावर ठेवली आणि ती आल्या पावली परत गेली. रात्रीच्या भाजीत तिनं मीठ दोनदा घातलं.

संक्रांतीला तर कहरच झाला. दरवर्षी वाणाला दोघी मिळून निघायच्या आणि सुरुवात सत्यभामाबाईच्या घरापासून व्हायची. या वर्षी तिनं दुपारपासून ताट मांडून ठेवलं. लुगड्याची घडी मोडली, केसात फूल घातलं. रुखमाबाई आली ती दिवे लागल्यावर. मागं कलाबाई नव्हती, ती दारात यायचं टाळत होती, पण रुखमाबाईच्या ओटीत आळीभरच्या घरांचे तीळगूळ होते.

"आता आठवन आली का?" सत्यभामाबाईनं विचारलं.

"तसं नाही वं भामे. कलाबाई म्हने, मी रांडमुंड बाई कशी येऊ. म्हटलं, हळदी-कुकू नको लावू, पन घरं त पाह्य, वळखी त कर. तिले एकेक घर दाखवत दाखवत..."

"दाखव मंग. तिलेच दाखव घरं. हे राह्यलं त राह्यलं."

"काऊन अशी बोलून राह्यली?"

"मी कुठी काय बोलली?" म्हणत तिनं तीळगुळाची वाटी रुखमाबाईपुढे आदळली. तीळगूळ घ्या, गोड बोला, हे म्हणायचं दोघींचंही राहून गेलं.

पुढच्या बाजाराला सत्यभामाबाईनं आपलं पोतं बाजाराच्या दुसऱ्या टोकाला, कांदेवाल्यांच्या रांगेत अंथरलं. रुखमाबाईनं हाक मारली. दुसऱ्या बाजारालाही मारली. तिसऱ्या बाजाराला मारली नाही.

आता दुरून पाहणं एवढंच हातात राहिलं. गिऱ्हाईक काय मागतं याकडे तिचं लक्ष नसे. मिरची मागितली की वांगी तोलायची. कलाबाईनं रुखमाबाईच्या खांद्यावर कितीदा हात ठेवला, कुणाच्या फडक्यातली भाकरी कुणी मोडली, आता कशाला हसल्या, हे ती टिपत बसायची. रंगराव एकदा वैतागून म्हणाला, "तू भाजी विकाले जातं का पहारा द्याले?" आपल्याला हे काय होतंय, ते वयाच्या बावन्नाव्या वर्षी स्वतःशी कबूल करायचीही तिला लाज वाटत होती. नवऱ्यानं दुसरी बाई पाहिली असती तर भांडायला तोंड तरी होतं. मैत्रिणीनं मैत्रीण केली, याची फिर्याद कुणाकडे न्यायची?

कलाबाईला खोकला होता. सुरतेच्या कारखान्याशेजारी राहून, धाग्यांची कसपटं घशात जाऊन तो जडला होता, असं ती सांगायची.

महाशिवरात्रीच्या आधी सत्यभामाबाई उपासाचं पीठ दळायला चक्कीवर गेली. चक्की गयाबाईची. चार बाया डबे घेऊन बसल्या होत्या. गयाबाईनं सहज विचारलं, "आज एकटीच? रुखमाबाई कुठी हाय? आजकाल दिसत नाही तुह्या संग."

काटा नेमका तिथंच लागला.

"तिच्या संग कोन बसन?" सत्यभामाबाई म्हणाली. "घरात टीबीवाली आनून ठेवली तिनं."

"कोन? कलाबाई?"

"सुरतहून तेच त घेऊन आली." आणि मग, जणू दुसऱ्या कुणी सांगितलं असावं तसं ती पुढे म्हणाली, "म्हनते लोकं."

कोणते लोक, हे कुणी विचारलं नाही. चक्कीच्या आवाजात बोलायचं म्हणून ती मोठ्यानं बोलली होती. चारही बायांनी ऐकलं.

आठवड्याच्या आत गावात बोभाटा झाला. शिवायला टाकलेले ब्लाउज बाया अर्धे शिवलेलेच परत नेऊ लागल्या. नळावर कलाबाईची बादली लागली की बाकीच्या बाया चार पावलं मागे सरकत. कुणी आपल्या पोरांना कारभारीच्या अंगणातून हाका मारून बोलावून घेई. बाजारात चहावाल्यानं सगळ्यांना कपातून चहा दिला आणि कलाबाईच्या हातात कागदी पेला ठेवला.

ते सत्यभामाबाईनं कांद्याच्या रांगेतून पाहिलं. तिला बरं वाटलं. पुढे कितीतरी दिवस तिला त्या बरं वाटण्याचीच सगळ्यात जास्त लाज वाटत राहिली, पण त्या घटकेला मात्र छातीवरचं ओझं हलकं झाल्यासारखं वाटलं होतं. आता रुखमाबाई सरकेल. आता तिची नजर या टोकाला वळेल.

रुखमाबाईनं कलाबाईच्या हातातला कागदी पेला घेतला, अर्धा चहा स्वतः प्यायली आणि उरलेला तिला परत दिला. या टोकाला तिनं पाहिलंच नाही.

गावातली आशा कार्यकर्ती संजीवनी ही तिशीतली, स्कूटीवर फिरणारी, कामाला चोख बाई. तिच्या कानावर गोष्ट गेली. अफवा कुणी उठवली याच्या भानगडीत ती पडली नाही. दोन आठवड्यांच्या वरचा खोकला असला की थुंकी तपासायची, एवढं तिला ठाऊक. होळीच्या आधी ती डबी घेऊन कारभारीच्या घरी आली. दोन घरांच्या मधे एक बुटकी भिंत. सत्यभामाबाई भिंतीच्या अलीकडे शेवग्याच्या शेंगा निवडत होती. ती तशीच, हातातली शेंग हातात धरून थांबली.

पलीकडे कलाबाई आधी रडली. मग म्हणाली, "घ्या ताई, माही थुकी घ्या. एकदाचं निवळून जाऊ द्या. पन हिचीबी घ्या."

"माही कायले?" रुखमाबाईचा आवाज.

"गप बस. ताई, दिवाळीले हिचा बलाऊज मापाचा होता. दोनदा आत घेतला मी तो, तरी ढिला व्हते. रोज संध्याकाळी अंग तापते हिचं. गोधडीत बसली की मले समजते नं. खोकते तोंडात पदर घालून, आन सांगत नाही कोनाले."

भिंतीच्या अलीकडे सत्यभामाबाईच्या हातून शेंग गळाली. ती आठवायला लागली. रुखमाबाईचे खांदे, गालाची हाडं, मानेखालचा खळगा. काहीच आठवेना. दोन महिने तिनं डोळ्यांत तेल घालून पाहिलं होतं, पण पाहिलं होतं ते कलाबाईच्या हातांकडे. तो हात ज्या खांद्यावर पडत होता, तो खांदा वाळत चालला होता हे तिला दिसलंच नव्हतं.

पाचव्या दिवशी अहवाल आला. कलाबाईला काही नव्हतं. रुखमाबाईला टीबी होता.

सत्यभामाबाईला ही बातमी तिच्या मुलीनं, पुष्पांजलीनं, सांगितली. चक्कीवर तिनं एक शब्द कुणाच्या तरी अंगावर भिरकावला होता. तो नेम चुकून रुखमेच्या अंगावर पडला, असंच तिच्या मनानं घेतलं. तसं काही नसतं हे तिला कळत होतं. कळून उपयोग होत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी संजीवनी आळीत पुन्हा आली. या वेळी हातात छापील कागद होता. रुखमाबाईच्या जवळ राहणाऱ्या सगळ्यांची यादी करायची, त्यांची तपासणी करायची, असं ती सांगत आली होती. आधी कारभारीचं घर झालं. कारभारी, मुलगा अविनाश, सून डिंपल, कलाबाई. मग ती बाहेर पडली आणि सत्यभामाबाई दारात येऊन उभी राहिली. तिनं पदर नीट केला होता. ओट्यावर बसायला सतरंजीही टाकली होती.

संजीवनी हात हलवून पुढे निघाली.

"संजीवनी! अवं, माह्या घरी नाही येत?"

"नाही काकू. तुमचं नाव नाही यादीत."

"नाव नाही?"

"रुखमाकाकूले विचारलं मी, दिवाळीपासून कोनासंग बसता, कोनासंग जेवता, कोन जास्त जवळ राह्यते. त्यायनं घरचे चार सांगतले. बस."

सत्यभामाबाईचा चेहरा पडला. टीबीच्या यादीत नाव नाही म्हणून कुणाचा चेहरा पडलेला संजीवनीनं आजवर पाहिला नव्हता. उलट नाव काढा म्हणून लोक तिच्या मागे लागत.

"लिही माहं नाव."

"काकू, हे काय लग्नाच्या पत्रिकेतलं नाव हाय का? नाही त चांगलंच हाय."

"अठ्ठावीस वर्षं झाली, मी तिच्या बशीतला चहा पेऊन राह्यली. एका डबीतली मिश्री. तिच्या तोंडातला घास माह्या तोंडात. आन ते काल आलेली कलाबाई यादीत, आन मी नाही?"

संजीवनी स्कूटीवरून उतरली. आता ती समजुतीच्या सुरात बोलू लागली. "काकू, हा आजार कप-बशीनं नाही होत. मिश्रीनं नाही, जेवल्यानंबी नाही. श्वासातून जाते तो. कोंदट खोलीत, दार लावून, तासन्‌तास जवळ बसलेल्या मानसाले त्याचा धोका. बाजारात तुमी उघड्यावर बसता, वारा असते. बाकी पोटातले, तोंडातले जंतू जेवता-खाता एकमेकायचे होत असतीन. पन याचा रस्ता वेगळा हाय."

म्हणजे अठ्ठावीस वर्षांचे कप-बशा या कागदावर कुठेच लिहिता येणार नव्हते, आणि गोधडीतले तीन महिने लिहिले गेले होते. सत्यभामाबाईला सगळं समजलं, आणि समजल्यामुळे जास्तच लागलं. ती घरात जाऊन चुलीपुढे बसली. त्या क्षणीही तिच्या मनात आजाराची भीती नव्हती. कलाबाईचं नाव लिहिलं गेलं, एवढंच होतं.

दुपारी ती उठली आणि कारभारीच्या अंगणात गेली.

रुखमाबाई लिंबाखाली बाजेवर बसली होती. तोंडाला मास्क. त्याच्या वर डोळे केवढे मोठे दिसत होते. कलाबाई खोलीच्या दारात तांदूळ निवडत होती. सत्यभामाबाईला पाहून ती सूप उचलून आत गेली.

"लांब बस," रुखमाबाई म्हणाली. "पंधरा-वीस दिवस गोळ्या पोटात जाऊ दे, मंग धोका कमी होते म्हने."

सत्यभामाबाई लांब नाही बसली, पण वाऱ्याच्या बाजूनं बसली.

"माहं नाव काऊन नाही सांगतलं?"

रुखमाबाईनं मास्क सारखा केला. "पुष्पांजलीले पाह्याले वडनेर भोलजीचे पाव्हने येऊन राह्यले नं पुढच्या आठवड्यात? तुह्या घरी आशा कागद घेऊन आली असती, की गावभर झालं असतं. कलाबाईचं काय झालं, पाह्यलं नं तू?"

सत्यभामाबाईची मान खाली गेली.

"आन रागबी होता," रुखमाबाई म्हणाली. "खोटं नाही बोलत. गयाबाईनं मले सांगतलं, चक्कीवर कोन बोललं ते. शिवरात्रीलेच सांगतलं."

"तुले मालूम होतं?"

"हाव."

"आन तिले?"

"नाही सांगतलं तिले. माही मैत्रीन अशी हाय, हे कोन्या तोंडानं सांगू?" एवढं बोलून तिला खोकला आला. ती मान वळवून बराच वेळ खोकली. सत्यभामाबाईचा हात तिच्या पाठीकडे गेला आणि अर्ध्यात थांबला. मग गेलाच. पाठीचे मणके हाताला एकेक लागत होते.

"रुखमे, मले तिचा राग येते," ती म्हणाली. "अजूनबी येते. तू तिले बशी देली नं, तवापासून."

"बशी?" रुखमाबाईला आधी कळेना. मग कळलं. "अवं येडे, मले तवापासूनच खोकला होता. तुले उष्टा द्याचा जीव नाही झाला. ते मांगून बसली त तिले देला."

सत्यभामाबाईनं बाजेची सुटलेली दोरी आत खोचली. खरं असेल, किंवा आत्ता सुचलेलं असेल. रुखमाबाई माणसाला बरं वाटावं म्हणून असं बोलायची, हे तिला अठ्ठावीस वर्षांत माहीत झालं होतं.

"संजीवनीले सांगजो, माहं नाव टाक म्हना," उठताना ती म्हणाली.

"पाव्हने?"

"पाव्हन्यायले मी सांगीन."

एक्स-रे काढायला तालुक्याला, मोताळ्याच्या दवाखान्यात जायचं होतं. अविनाशनं एक ऑटो सांगितला. त्यात डिंपल, कलाबाई आणि सत्यभामाबाई. डिंपल पुढे बसली, त्या दोघी मागे. रस्ता खराब, धक्क्याधक्क्याला खांद्याला खांदा लागत होता. कलाबाई अंग चोरून बसली होती. आता लोकांना आपला स्पर्श नको असतो हे तिच्या अंगवळणी पडलेलं दिसत होतं. ते अंग चोरणं सत्यभामाबाईला पाहवेना.

दवाखान्यात नंबर लागायला वेळ होता. डिंपल चिठ्ठी घ्यायला गेली. बाकावर दोघीच राहिल्या तेव्हा सत्यभामाबाई म्हणाली, "तुह्याबद्दल चक्कीवर मी बोलली होती. टीबी हाय म्हनून. मले कोनी सांगतलं नव्हतं. मीच बनवलं."

कलाबाई भिंतीवरच्या पाटीकडे पाहत होती. तिकडेच पाहत तिनं एकच विचारलं, "काऊन?"

सत्यभामाबाईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "तू आली, आन रुखमी माही नाही राह्यली," ती शेवटी म्हणाली. एवढंच.

कलाबाई उठली आणि समोरच्या बाकावर जाऊन बसली. येताना ती ऑटोत पुढे बसली आणि डिंपल मागे आली.

तिघींच्याही छातीत काही निघालं नाही. तरी कारभारीच्या घरातल्या सगळ्यांना, कलाबाईलाही, आजार पुढे होऊ नये म्हणून गोळ्या सुरू झाल्या. सत्यभामाबाईला गोळ्या नव्हत्या. तिनं संजीवनीला दोनदा विचारूनही पाहिलं.

पुढच्या बाजाराच्या आदल्या दिवशी ती चक्कीवर गेली. गर्दीची वेळ मुद्दाम पाहून गेली. गयाबाईला म्हणाली, "चक्की बंद कर जरा." गयाबाईनं पट्टा काढला. अचानक झालेल्या शांततेत सगळ्या बाया तिच्याकडे पाहू लागल्या.

"कलाबाईले टीबी हाय असं मी इथी बोलली होती. ते खोटं होतं. तिची तपासनी झाली, तिले काही नाही. आन असता तरी तिच्या हातचा बलाऊज घातल्यानं कोनाले काही झालं नसतं, असं आशाताई सांगते. मी जळून बोलली होती. झालं, लाव चक्की."

गयाबाईनं पट्टा लावायला जरा वेळच घेतला. कुणीतरी मागून हसलं. सत्यभामाबाईचे कान लाल झाले. पिठाचा डबा तिथंच राहिला, तो संध्याकाळी पुष्पांजलीला जाऊन आणावा लागला.

ब्लाउज लगेच परत आले नाहीत. पहिला ब्लाउज गयाबाईनंच टाकला, महिन्याभरानं. मग लग्नसराई आली आणि आळीतल्या बायांना दुसऱ्या शिंपिणीकडे जायला सवड उरली नाही. वडनेर भोलजीच्या पाहुण्यांना सत्यभामाबाईनं खरं ते सांगितलं, आपल्या तपासणीचंही सांगितलं. ते चार दिवस गप्प राहिले आणि मग आले. पोरगी पसंत पडली.

रुखमाबाईच्या गोळ्या सहा महिने चालल्या. पहिला महिना तिला अन्न पाहिलं की उमळायचं. तेव्हा सकाळचं कलाबाई पाही आणि दुपारचं सत्यभामाबाई. ही आली की ती उठून जाई. वाटणी कुणी केली नव्हती. सत्यभामाबाई मुगाचं कढण, शेंगदाण्याचे लाडू, उकडलेली अंडी असं काहीबाही घेऊन येई आणि अंगणात, उघड्यावर, लिंबाखाली बसून तिला खायला लावी. पातेल्यात सकाळचं कलाबाईनं केलेलं काही उरलेलं असलं, की आपलं आधी वाढे. तेवढी खोड गेली नाही. रुखमाबाईला ते कळे आणि ती दोन्हीकडचं थोडं थोडं खाई.

कलाबाईनं लहान खोलीची भिंत फोडून दुसरी खिडकी बसवून घेतली. कारभारी कुरकुरला, पण गवंडी आणला त्यानंच.

पोळ्याच्या सुमारास संजीवनीनं सांगितलं, की शेवटची तपासणी चांगली आली, औषधं संपली. त्यानंतरच्या बाजाराला रुखमाबाई आली. अंग भरलं नव्हतं अजून, पण आवाज पहिल्यासारखा झाला होता. सत्यभामाबाईनं कांद्याच्या रांगेतलं पोतं उचललं आणि जुन्या जागी येऊन अंथरलं. रुखमाबाईच्या डाव्या हाताला. उजव्या हाताला कलाबाई बसली होती. मधे नव्हती, पलीकडे होती.

दुपारी गिऱ्हाईक ओसरलं. कलाबाईनं मोबाईलमध्ये काहीतरी लावलं, रुखमाबाईच्या कानाशी धरलं आणि दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसू लागल्या. सत्यभामाबाईचं ते जुनं जळणं पुन्हा सुरू झालं. ते गेलेलं नव्हतं, आणि जाईल अशी आशाही तिनं आता सोडली होती. तिनं वांग्यांवर पाणी शिंपडलं. पुन्हा शिंपडलं. मग न राहवून म्हणाली,

"काय वं? काय झालं एवढं हसाले?"

रुखमाबाई तोंडावर पदर घेऊन हसतच होती. तिच्या पलीकडून कलाबाईनं मान पुढे काढली.

"तुले नाही सांगत," कलाबाई म्हणाली.

दवाखान्याच्या बाकावर "काऊन" विचारल्यापासून सहा महिन्यांत ती सत्यभामाबाईशी एवढं पहिल्यांदाच बोलली होती. सत्यभामाबाईनं पाण्याचा तांब्या बाजूला ठेवला.

"नको सांगू," ती म्हणाली, आणि समोर उभ्या राहिलेल्या गिऱ्हाइकाला विचारलं, "काय देऊ भाऊ, वांगे की मिरची?"